ना टॉयलेट, ना एसी, वर कानठळ्या बसवणारा आवाज: छोट्या खासगी विमानात लोक सहा-सहा तास काढतात तरी कसे?

खासगी विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढऱ्या चामड्याच्या ऐसपैस खुर्च्या, हातात ज्यूसचा ग्लास, समोर हसतमुख एअर होस्टेस आणि इन्स्टाग्रामवर टाकायला एक झकास फोटो. पण जगातली बहुसंख्य खासगी विमानं अशी नसतातच! ती असतात एका इंजिनाची, समोर पंखा फिरणारी, जेमतेम चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध विमान म्हणजे सेस्ना १७२. १९५५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त विमानं तयार झाली. इतक्या संख्येने दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. आपल्याकडे अशी छोटी विमानं दिसतात ती मुख्यतः पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षणात. अमेरिकेत मात्र शिक्षक, डॉक्टर, शेतकरी अशी साधी माणसंही जुनं सेस्ना विकत घेतात आणि सुट्टीत नातेवाईकांकडे स्वतःच उडवत जातात.

आता गंमत बघा. या विमानाची आतली रुंदी साधारण १ मीटर आहे, म्हणजे आपल्या छोट्या हॅचबॅक गाडीपेक्षाही कमी. पुढे बसलेल्या दोघांचे खांदे एकमेकांना घासतात. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. शिकागोहून डॅलसला जायचं तर अंतर साधारण १,३०० किलोमीटर. मोठं विमान अडीच तासांत नेऊन सोडतं, सेस्नाला सहा तास लागतात आणि मध्ये एकदा उतरावं लागतं ते वेगळंच. समोरून वारा असेल तर आणखी उशीर.

या सहा तासांत टॉयलेट नाही, उठून पाय मोकळे करायला जागा नाही, बहुतेक विमानांत एसी नाही आणि हवेचा दाबही मोठ्या विमानासारखा राखलेला नाही. मग लोक हा प्रवास करतात कसा? आणि मुख्य म्हणजे, अवघडलेला, तहानलेला, थकलेला माणूसच विमान चालवत असेल तर काय होऊ शकतं? कारण इथे 'आराम' ही चैन नाही. गाडीत पाठ धरली तर रस्त्याच्या कडेला थांबता येतं, आकाशात ती सोय नाही.

आधी कान सांभाळा

छोट्या विमानात पहिल्यांदा बसणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो आवाजाचा. इंजिन आपल्या पायांपासून हातभर अंतरावर असतं आणि मध्ये असतो एक पातळ पत्रा. आतला आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, असं अमेरिकेतले आरोग्यविषयक निकष सांगतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास!

पण कान खराब होणं ही नंतरची गोष्ट. त्याआधी हा आवाज माणसाला थकवतो. विमानातून उतरल्यावर अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं, डोकं जड होतं, त्याचं निम्मं कारण आवाज आणि थरथर हे असतं. म्हणून अनुभवी पायलटला विचारलं की आरामासाठी पहिला पैसा कशावर खर्च करावा, तर बहुतेकांचं उत्तर एकच येतं: चांगला हेडसेट.

हेडसेट दोन प्रकारचे असतात. साधा हेडसेट कान घट्ट दाबून आवाज अडवतो. दुसऱ्या प्रकारात आतला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी ध्वनिलहर तयार करून तो आवाज मारून टाकतो. इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर यात जवळजवळ गायब होते. आज मेट्रोत आणि लोकलमध्ये तरुण मुलं जे 'नॉइज कॅन्सलिंग' हेडफोन घालून बसतात, ते तंत्रज्ञान आधी पायलटसाठी बाजारात आलं होतं! १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' नावाच्या विमानातून कुठेही न थांबता, हवेत इंधनही न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ९ दिवस, ३ मिनिटं, ४४ सेकंद. दोघं टेलिफोन बूथएवढ्या जागेत होते. इतके दिवस इंजिनाशेजारी बसून कान कायमचे जाऊ नयेत म्हणून त्यांना बोस कंपनीने असे प्रायोगिक हेडसेट दिले होते. १९८९ मध्ये ते पायलटसाठी विक्रीला आले.

असे हेडसेट आजही हजार डॉलरच्या घरात जातात. तेवढी ऐपत नसेल तर साध्या हेडसेटखाली फोमचे इअरप्लग घालायचे आणि आवाज थोडा वाढवायचा. स्वस्त आणि उत्तम उपाय.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत, ज्या चौथ्या तासाला फार मोठ्या वाटू लागतात. क्रिकेटच्या टोपीवर वर जे बटण असतं ना, ते हेडसेटच्या पट्टीखाली दाबलं जाऊन डोक्यात खिळा ठोकल्यासारखं दुखतं. म्हणून बरेच पायलट ते बटण चक्क पकडीने उपटून टाकतात. आणि चष्म्याच्या काड्या बारीक हव्यात. जाड काडीमुळे हेडसेट आणि कान यांच्यात फट राहते आणि सगळा आवाज आत येतो. गॉगल 'पोलराइज्ड' घेऊ नये, कारण त्यातून काही डिजिटल स्क्रीन काळ्या दिसतात. खाली उतरताना समोरचा पडदा काळा दिसणं कुणालाच नको असतं.

सगळ्यांच्या मनातला प्रश्न: लघवी लागली तर?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण छोट्या विमानाच्या प्रवासाचं सगळं नियोजन याच एका गोष्टीभोवती फिरतं. सेस्ना १७२ च्या टाकीत साधारण पाच-सहा तासांचं इंधन मावतं. माणसाच्या 'टाकी'ची क्षमता मात्र तीन तासांच्या आसपास. त्यामुळे विमान किती वेळ उडू शकतं याला तसा अर्थ नसतो, माणूस किती वेळ बसू शकतो हे बघायचं असतं.

यावर नवखे लोक जो उपाय करतात तो सगळ्यात वाईट. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही! वरची हवा कोरडी असते, काचेतून ऊन थेट अंगावर येत असतं, आणि अंगातलं पाणी कमी झाल्याचं लगेच कळतही नाही. आधी डोकं दुखतं, मग चिडचिड, मग साध्या बेरजा चुकायला लागतात. मागे बसलेल्याची बेरीज चुकली तर फारसं बिघडत नाही, पण पायलटची इंधनाची बेरीज चुकली तर?

शहाणा उपाय साधा आहे. चहा-कॉफी निघायच्या दोन तास आधी उरकायची, निघता निघता टॉयलेटला जाऊन यायचं, आणि वाटेत पाणी घोट घोट पीत राहायचं. प्रवासाचे अडीच-तीन तासांचे तुकडे पाडायचे. अमेरिकेत हे सोपं जातं, कारण सामान्य लोकांना वापरता येतील अशा सुमारे पाच हजार धावपट्ट्या तिथे आहेत. अनेक छोट्या विमानतळांवर इंधन भरणाऱ्या पायलटला गावात जेवून यायला एक जुनीपुराणी गाडीही फुकट वापरायला देतात. किल्ली घ्यायची, जेवून यायचं, थोडं पेट्रोल टाकून परत लावायची. ही प्रथा खरंच लोभस आहे.

तरीही वेळ आलीच तर? त्यासाठी आतमध्ये जेल असलेल्या पिशव्या मिळतात. द्रव आत गेला की त्याचा गोळा होतो, सांडत नाही आणि वासही येत नाही. महिलांसाठी वेगळ्या आकाराच्या तोंडाच्या पिशव्या आणि नरसाळ्यासारखी साधनं असतात. या पिशव्या हाताशी ठेवायच्या, मागच्या सामानात नाही. आणि जाणकार एक सल्ला आवर्जून देतात: पहिला प्रयोग विमानात करू नका, घरी करून बघा. बसल्या जागी, पट्टा लावलेला, शेजारी माणूस, अशा स्थितीत हे वाटतं तितकं सोपं नसतं. बरोबरच्यांना आधीच मोकळेपणाने सांगितलेलं असलं की अर्धा संकोच तिथेच संपतो.

थंडी वाजली म्हणून हीटर लावला, आणि...

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. हजार फूट वर गेलं की तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. जमिनीवर ३० अंश असेल तर ९ हजार फुटांवर १२ अंश. हिवाळ्यात तर बाहेर बर्फच. मग हीटर लावला जातो.

पण हा हीटर काम कसा करतो? एका इंजिनाच्या बहुतेक विमानांत इंजिनाच्या तापलेल्या सायलेन्सरभोवती पत्र्याचं एक आवरण असतं. बाहेरची हवा त्या आवरणातून जाते, तापते आणि आपल्या पायांशी येते. साधी, फुकटची ऊब. पण त्या सायलेन्सरला केसाएवढी चीर पडली तर इंजिनाचा धूर त्याच हवेत मिसळतो. त्या धुरात असतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला फक्त झोप येते आहे.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांत शहरातून वेल्समधल्या कार्डिफला निघाला होता. नुकताच नव्या क्लबशी करार झालेला. विमान होतं पायपर मालिबू, एकाच इंजिनाचं. इंग्लिश खाडीवर ते कोसळलं. समुद्रतळातून सालाचा मृतदेह मिळाला, तेव्हा त्याच्या रक्तातल्या ५८ टक्के हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला होता. एवढं प्रमाण जीवघेणं असतं. पायलटचा मृतदेह कधीच सापडला नाही, पण त्याच्यावरही या वायूचा परिणाम झाला असावा, असं ब्रिटिश तपास यंत्रणेने अहवालात म्हटलं.

हा एकच अपघात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातले ३१ अपघात या वायूमुळे झाल्याचं नोंदवलं आहे. त्यातल्या २३ अपघातांत मिळून ४२ माणसं गेली. २०२२ मध्ये या मंडळाने अशा विमानांत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र सक्तीचं करावं, अशी शिफारस केली.

हे यंत्र काही महाग नाही. बॅटरीवर चालणारं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, मोठ्याने वाजणारं आणि आकडा दाखवणारं यंत्र पायलटच्या नजरेसमोर लावता येतं. काही लोक अजूनही रंग बदलणारी चिकटपट्टी लावतात. ती स्वस्त असते, पण तिची मुदत काही महिन्यांत संपते. शिवाय पायलटला गुंगी येत असताना त्याने पट्टीचा रंग बघावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची. वाजणारंच यंत्र हवं.

कुणाच्या छोट्या विमानात बसायची वेळ आलीच, तर विनासंकोच विचारावं असा एक प्रश्न म्हणजे हे यंत्र आहे का आणि कुठे आहे. अलार्म वाजला, किंवा दोन-तीन जणांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, तर हीटर बंद, बाहेरच्या हवेच्या झडपा पूर्ण उघड्या, ऑक्सिजन असेल तर तो नाकाला आणि जवळच्या विमानतळावर उतरायचं. 'आता बरं वाटतंय' म्हणून पुढे जायचं नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात.

कोरोनाकाळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे दगा देतं, हेही माहीत हवं. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं!

उंचीवरची विरळ हवा

तेच ऑक्सिमीटर उंचीसाठी मात्र उपयोगी पडतं. मोठ्या विमानात हवा दाबून भरलेली असते, सेस्नात नाही. १० हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांपर्यंत येतो. अमेरिकी नियमांनुसार साडेबारा हजार ते १४ हजार फुटांदरम्यान अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर पायलटने ऑक्सिजन घ्यायलाच हवा, १४ हजारांच्या वर पूर्ण वेळ, आणि १५ हजारांच्या वर प्रवाशांसाठीही तो उपलब्ध हवा.

हा झाला कायदा. तिथल्याच विमान वाहतूक खात्याचा सल्ला याहून कडक आहे: दिवसा १० हजार फुटांवर आणि रात्री ५ हजार फुटांवरच ऑक्सिजन सुरू करावा. ५ हजार फूट म्हणजे किती? आपलं कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. इतक्या कमी उंचीवर कशाला, असं वाटेल. पण अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना ऑक्सिजन फार लागतो आणि तो कमी पडला की सगळ्यात आधी रात्रीची नजर मंदावते. लांबच्या प्रवासात नाकाशी एक बारीक नळी लावून थोडा ऑक्सिजन घेतला तर उतरल्यावर माणूस ताजातवाना असतो, हा अनेक पायलटचा अनुभव आहे.

उंचीचा दुसरा परिणाम पोटावर होतो. १० हजार फुटांवर बंद जागेतला वायू सुमारे दीडपट फुगतो. वेफर्सचं पाकीट फुगून टम्म होतं, तसंच पोटही. त्यामुळे निघण्यापूर्वी राजमा, छोले, कोबी, सोड्याची बाटली हे टाळलेलं बरं. केळी, सुका मेवा, सँडविच असं कोरडं, हाताला न चिकटणारं खाणं चांगलं. चिवडा मात्र नको! एकदा सांडला की सीटच्या फटींत जातो आणि वर्षभर सापडत राहतो.

उतरताना कानात दडे बसतात. मिनिटाला ५०० फूट अशा संथ वेगाने खाली आलं तर त्रास कमी होतो. गिळत राहायचं, लहान मुलांना चोखायला काहीतरी द्यायचं. सर्दी झालेली असेल तर जाऊच नये, कारण त्या वेळी कानाचा पडदा फाटण्यापर्यंत दुखणं जाऊ शकतं.

'गाडी लागणाऱ्यांनी' काय करायचं?

खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना छोटं विमानही लागू शकतं. दुपारी जमीन तापली की गरम हवेचे स्तंभ वर उठतात आणि हलकं विमान त्यात उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखं हलतं. म्हणून पहिला उपाय घड्याळात आहे, औषधात नाही. पहाटे निघा, दुपारी बारापर्यंत उतरा. ते शक्य नसेल तर पांढऱ्या कापसासारख्या ढगांच्या वर जायचं. तिथे बहुतेक वेळा हवा शांत मिळते. शिवाय उन्हाळ्यात एसी नसलेल्या विमानात थंडावाही तिथेच.

ज्याला त्रास होतो त्याने पुढच्या सीटवर बसावं, लांब क्षितिजाकडे बघावं, हवेचा झोत तोंडावर घ्यावा. मोबाईल बघायचा नाही. रील्स बघत बसलात तर दहाव्या मिनिटाला पिशवी शोधावी लागेल. आल्याच्या वड्या काहींना चालतात. आणि मळमळ सुरू होताच पायलटला सांगायचं, शेवटच्या क्षणापर्यंत दात-ओठ खात बसायचं नाही.

आपल्याकडे प्रवासाला निघताना अ‍ॅव्होमीनची गोळी घ्यायची पद्धत आहे. प्रवाशाने ती डॉक्टरांना विचारून घेतली तर ठीक, पायलटने मात्र अजिबात नाही. तिच्यामुळे झोप येते. सर्दी-खोकल्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या कित्येक औषधांचंही तेच आहे. अमेरिकेत अपघातात मरण पावलेल्या पायलटांच्या रक्ततपासणीत, सतर्कता कमी करणाऱ्या औषधांपैकी सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं औषध कुठलं? कुठलाही अमली पदार्थ नव्हे, तर दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं डायफेनहायड्रामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीचं आणि झोपेचं साधं औषध.

पाठ, पाय आणि वजनाचा हिशोब

चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात दिसलं. दुप्पट म्हटलं की घाबरायला होतं, पण मूळ धोकाच कमी आहे, साधारण सहा हजार प्रवाशांत एक. तरी घोटे फिरवणं, टाचा उचलणं, दर तीन तासांनी उतरून चालणं हे करावंच. ज्यांना आधी अशी गाठ झालेली आहे, नुकतंच ऑपरेशन झालं आहे किंवा ज्या महिला गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर महागड्या उशीचं निम्मं काम होतं. पायलटने मात्र बुडाखाली जाड उशी घेताना जपायला हवं. डोळ्यांची उंची बदलली की उतरतानाचा अंदाजही बदलतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग उशा, पांघरुणं, थंड पाण्याचा मोठा डबा, खाऊची पिशवी, सगळंच घेऊन जाऊ! इथेच छोटं विमान हिशोब मागतं. सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलमध्ये टाकी पूर्ण भरली तर माणसं आणि सामान मिळून जेमतेम २५० किलो नेता येतं. ७५ किलोची चार माणसं म्हणजेच ३०० किलो झाली. म्हणजे चारही सीट भरल्या तर टाकी भरता येत नाही, आणि टाकी भरली तर चौथा माणूस घरी! सामान ठेवायच्या जागेची मर्यादा ५४ किलो. म्हणून निघण्यापूर्वी पायलट प्रत्येकाचं वजन विचारतो. त्यावेळी लाजून पाच किलो कमी सांगण्यात शहाणपणा नाही. उन्हाळ्यात, उंचावरच्या धावपट्टीवर हेच पाच-पाच किलो महागात पडतात.

समुद्रावरून जायचं तर सामानात आणखी भर पडते. उत्तर अटलांटिक ओलांडणारे पायलट अंगावर जाड रबरी सूट घालतात, कारण तिथल्या पाण्यात साध्या कपड्यांत माणूस फार वेळ तग धरत नाही. या सूटमध्ये हालचाल अवघड, आत घामाच्या धारा, आणि लघवीचा प्रश्न तर विचारूच नका. मे २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितने वयाच्या २३ व्या वर्षी स्कॉटलंडहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडा गाठलं, तेही एकटीने, पिपिस्ट्रेल सायनस या अगदी हलक्या विमानातून. अशा 'लाइट स्पोर्ट' विमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली महिला.

६४ दिवस हवेत!

छोट्या विमानात जास्तीत जास्त किती काळ राहता येतं? याचं उत्तर ऐकून विश्वास बसत नाही. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी लास वेगासहून सेस्ना १७२ उडवलं आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला खाली उतरवलं. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं! माणसांनी चालवलेल्या विमानाचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी हा उद्योग चालला होता. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर ट्रक धावायचा, विमान त्याच्या डोक्यावर अगदी खाली यायचं आणि नळी वर ओढून इंधन भरलं जायचं. शेजारची सीट काढून तिथे गादी टाकली होती. जेवण हॉटेलच्या स्वयंपाकघरातून यायचं, थर्मासमध्ये मावावं म्हणून बारीक चिरलेलं.

पण आळीपाळीने चार-चार तास झोपायची सोय असूनही जानेवारीतल्या एका पहाटे टिमचा डोळा लागला. विमान तासाभराहून जास्त वेळ ऑटोपायलटवर आपोआप उडत राहिलं. तो जागा झाला तेव्हा विमान एका दरीत होतं. काही दिवसांनी जनरेटर बंद पडला, त्याबरोबर हीटर आणि ऑटोपायलटही गेला, तरी ते उडतच राहिले. उतरले तेव्हा दोघांनाही धड चालता येत नव्हतं. ते विमान आज लास वेगासच्या विमानतळावर छताला टांगलेलं आहे.

आज कुणी असला वेडेपणा करत नाही. पण थकलेल्या अवस्थेत 'आता एवढंच राहिलंय' म्हणत पुढे रेटणारे पायलट आजही आहेत. सोमवारी ऑफिस असतं, मुलांची शाळा असते, हवा बिघडलेली असते, आणि मागून कुणीतरी विचारत असतं, "अजून किती वेळ?" यावर अमेरिकेतले काही पायलट एक साधी युक्ती करतात. परतीच्या दिवसाला जोडून एक दिवस रजा मोकळी ठेवतात, किंवा रद्द करता येईल असं मोठ्या विमानाचं तिकीट काढून ठेवतात. हवा वाईट असली की छोटं विमान तिथेच दोरांनी बांधून ठेवायचं, घरी तिकिटाने जायचं आणि पुढच्या शनिवारी येऊन ते घेऊन जायचं.